डेथचा शेवटचा अल्बम आणि तीन नवे वादक

मी सोलापुरात ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्टीत ड्रम वाजवतो. गणपती, नवरात्र, शिवजयंती, वराती, सगळं करतो. त्यामुळे कुठलाही अल्बम मी आधी ठेक्याच्या बाजूने ऐकतो, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. डेथ या अमेरिकन मेटल बँडचा ‘द साउंड ऑफ पर्सीव्हरन्स’ हा १९९८ साली आलेला सातवा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम. माझ्या लेखी त्यांचा सगळ्यात जिवंत अल्बम हाच, आणि त्याचं निम्मं श्रेय तेव्हा फारसं कुणाला माहीत नसलेल्या तीन वादकांचं आहे.

डेथ म्हणजे चक शुल्डिनर. गाणी त्याची, गिटार त्याची, आवाज त्याचा. बाकीचे वादक जवळजवळ दर अल्बमला बदलले. १९९५च्या ‘सिम्बॉलिक’ अल्बमनंतर त्याने हा बँड बाजूला ठेवून कंट्रोल डिनाइड नावाचा नवा संच उभा करायला घेतला होता. तिथलेच शॅनन हॅम (गिटार), स्कॉट क्लेंडेनिन (बास) आणि रिचर्ड ख्रिस्टी (ड्रम) यांना घेऊन त्याने डेथच्या नावाने हा अल्बम केला. ध्वनिमुद्रण फ्लोरिडात, टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत झालं.

आता ख्रिस्टीची जागा काय होती ते बघा. त्याच्या आधी या बँडमध्ये शॉन राइनर्ट आणि जीन होगलन वाजवून गेलेले. होगलनला ‘ॲटॉमिक क्लॉक’, म्हणजे अणुघड्याळ म्हणतात, इतका त्याचा हात पक्का. असल्या माणसाच्या खुर्चीवर बसणारा नवा ड्रमर बहुतेक वेळा दबून, सांभाळून वाजवतो. ख्रिस्टी तसं काहीच करत नाही. पहिलं गाणं ‘स्कॅव्हेंजर ऑफ ह्यूमन सॉरो’ ड्रमवरच उघडतं, गिटार नंतर येते. पुढेही एकच रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी ओळ, फिरत असताना खालचा ठेका सरळ चालेल असं समजू नका. कधी पाय दुप्पट, कधी हात राइड या मोठ्या झांजेच्या घुमटीवर, कधी छोट्या झांजेवर नुसता एक ठिपका. मी हे गाणं फोनवर पाऊणपट वेगाने लावून बसवायला घेतलं. अशोक चौकाच्या मागे आमची प्रॅक्टिसची खोली आहे, शेजारी टॉवेलचे लूम दिवसभर चालू, त्यामुळे कितीही बडवलं तरी कुणी येऊन बोलत नाही. वेग कमी केल्यावर कळलं की गर्दी वाटत होती त्यातला एकही फटका फुकटचा नाही. समेवर पोचायची वाट तो दर फेरीला बदलतो, पण सम चुकवत नाही.

बासबद्दल मात्र एक सूचना. मोबाईलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका, क्लेंडेनिन ऐकूच येणार नाही. ‘स्पिरिट क्रशर’ची सुरुवातच त्याच्या बासने होते; ती पोटात उतरायची तर बरे हेडफोन हवेत.

‘व्हॉइस ऑफ द सोल’ची गोष्ट वेगळी. यात ड्रम नाहीत, शब्द नाहीत. खाली ॲकॉस्टिक गिटार आणि वर जोडीने चालणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी, चार मिनिटांच्या आत सगळं. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्या काकांना मेटल म्हणजे गोंगाट वाटतो. त्यांना बँडचं नाव न सांगता हे ऐकवलं. ते मध्येच म्हणाले, “अरे, थांबव जरा, ती खालची ओळ परत लाव.” मग कीबोर्डवर बोटांनी शोधत बसले. नाव सांगितल्यावर म्हणाले, “मग हा माणूस बाकीच्या गाण्यात ओरडतो कशाला?”

काकांचा प्रश्न अगदी सोडून देण्यासारखा नाही. जुन्या अल्बमांपेक्षा इथे चकचा आवाज बराच वर चढलेला आहे, आणि छप्पन्न मिनिटं ती किंचाळी सोसायला कान तयार लागतात. मला स्वतःला ती आवडते, पण नव्या माणसाला जड जाईल. रचनेतही सगळं एकसारखं नाही. ‘फ्लेश अँड द पॉवर इट होल्ड्स’ आठ मिनिटांच्या वर जातं, तरी एक सेकंद कमी करावासा वाटत नाही. ‘अ मोमेंट ऑफ क्लॅरिटी’त मात्र तुकड्यांचे सांधे दिसतात; एक भाग छान रंगतो तोवर दुसरा येऊन त्याला ढकलतो. ‘सिम्बॉलिक’ची गाणी याहून बांधीव होती, हे मान्यच.

शेवटी जुडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडचं १९९०चं ‘पेनकिलर’ आहे. स्वतःच्या अल्बमचा शेवट दुसऱ्याच्या गाण्याने कशाला, असं बरेच जण म्हणतात. मी रोज दुसऱ्यांचीच गाणी वाजवतो, म्हणून ठामपणे सांगतो: दुसऱ्याचं गाणं घेतलंत तर स्वतःचं काही टाका, नाहीतर घेऊ नका. इथे टाकलंय. प्रीस्टचा ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिसची ती गाजलेली सुरुवात ख्रिस्टी छातीठोक वाजवतो आणि चक त्यांचा गायक रॉब हॅलफर्डच्या उंचीला स्वतःच्या फाटक्या आवाजाने भिडतो.

चकला मेंदूचा कर्करोग असल्याचं १९९९ साली कळलं आणि १३ डिसेंबर २००१ला तो गेला, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. त्यामुळे या अल्बमला निरोपाची गाणी समजून ऐकणारे पुष्कळ. कृपा करून तसं ऐकू नका. मुद्रणाच्या वेळी आजाराचा पत्ताही लागलेला नव्हता. हे नवे हात मिळाल्यामुळे हुरूप आलेल्या माणसाचं काम आहे, आणि त्याच नजरेने ते मोजलं पाहिजे.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘व्हॉइस ऑफ द सोल’, मग ‘स्पिरिट क्रशर’, मग पहिल्यापासून सगळा. किंचाळीच खटकली तर कंट्रोल डिनाइडचा १९९९चा ‘द फ्रॅजाइल आर्ट ऑफ एक्झिस्टन्स’ घ्या. तिथेही गिटारवर चक आणि हॅम, ड्रमवर ख्रिस्टी आहेत. बास स्टीव्ह डिजॉर्जिओचा, आणि गायलाय टिम आयमर, मोकळ्या, सुरेल आवाजात. काकांना आता तोच देणार आहे.