जुन्या मारुतीचा एसी: आर-१२ वरून आर-१३४ए

माझ्या १९९३ सालच्या मारुती १००० चा एसी आर-१२ वायूवर चालत असे. ओझोनच्या थराला घातक ठरलेला तो वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाल्यामुळे एसी आर-१३४ए या ओझोनला घातक नसलेल्या वायूवर आणण्याचे काम मी सांगली-मिरज रस्त्यावरील एका छोट्या गॅरेजकडे सोपवले. नुसता नवा गॅस भरून मोकळे होणारे कारागीर मी पाहिले आहेत. येथे तसे झाले नाही. जुने खनिज तेल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही व त्याच्यासोबत कॉम्प्रेसरपर्यंत (वायू दाबणाऱ्या पंपापर्यंत) नीट परतत नाही, म्हणून मिस्त्रींनी कॉम्प्रेसर उतरवून उलटा केला, काळपट तेल बरणीत निथळू दिले आणि त्याजागी एस्टर तेल घातले. ओलावा शोषणारा ड्रायर नवा बसवला, सांध्यांतील काळ्या ओ-रिंगांच्या (रबरी कड्यांच्या) जागी आर-१३४ए ला चालणाऱ्या हिरव्या घातल्या आणि पाऊण तास व्हॅक्यूम ओढून, म्हणजे आतली हवा काढून, दाबमापकाचा काटा हलत नाही, म्हणजे गळती नाही, हे मला दाखवले. गॅसही वजनकाट्यावर, आर-१२ च्या मूळ भरणाच्या सुमारे ८५ टक्केच भरला. अधिक भरल्यास दाब वाढून थंडावा उलट कमी होतो.

धावत्या गाडीत थंड हवेच्या जाळीपाशी तापमापक ९ अंश दाखवतो, मात्र विश्रामबाग चौकात उभे राहिल्यावर तो १४ वर जातो. वायूची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जुन्या कंडेन्सरकडून याहून अधिक अपेक्षा मी ठेवली नव्हती. तक्रार एकच: कोणता वायू व किती तेल भरले, याची चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवून घेण्यासाठी मला दोनदा हेलपाटा घालावा लागला.