वाटपपत्र समजून हक्कसोडावर सही केली, 36 गुंठे गेले

लिहायला लाज वाटतेय. बँकेत 22 वर्षं लोन डेस्कवर काढली, रोज दहा जणांना सांगायचो की सही करायच्या आधी वाचा, आणि स्वतः मात्र चुलतभावाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता अंगठा देऊन आलो.

सातारा जिल्ह्यात आमची जिरायत आहे, 4 एकर 2 गुंठे, सातबारा सामाईक. तीन भावांची, म्हणजे आमच्या वडिलांचे 1 एकर 14 गुंठे, ते गेल्यावर आई, मी आणि बहीण, प्रत्येकी 18 गुंठे. चुलतभाऊ म्हणाला, दादा जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलमधून वाटप करून घेऊ, पण 18 गुंठ्यांचा वेगळा गट पडणार नाही, जिरायतीला 20 लागतात, म्हणून तुमच्या तिघांचं एकत्र लावू. हे तुकडेबंदीचं खरंच आहे हो, म्हणूनच पटलं. एजंट त्यानेच आणला. तहसील खर्च 25,000, मोजणी 18,000, दस्ताचा खर्च 12,500. एकूण 55,500, सगळे कॅश, पावती एकाची नाही. मोजणीचं चलन सरकारी असतं आणि ते आपल्या हातात मिळतं, मिळालं नाही तर मोजणीचा अर्जच झालेला नाही असं समजा.

बहीण म्हणाली, दादा मसुदा आधी व्हॉट्सॲपवर पाठव, नाहीतर मी येत नाही. मी तिच्यावरच चिडलो, घरात वकिली नको म्हणालो. ती आली नाही, म्हणून तिचे 18 तरी वाचले.

रजिस्ट्री ऑफिसला 11 ला गेलो, सर्व्हर डाऊन, चार वाजले. आईचं वय 74, बाकावर बसून पाय सुजलेले. नंबर लागला तेव्हा ऑपरेटरने स्क्रीनकडे बघत विचारलं, "लिहून देणार दोघंच ना?" इथे. इथेच कळायला हवं होतं! वाटपाला सगळे हिस्सेदार लागतात, दोन्ही काका फोटोला हवे होते. मी विचारलं पण, काका कुठेत? तर म्हणे गाडीत बसलेत, गुडघे दुखतात, शेवटी बोलवू. मी मान डोलावली. आई आणि मी लिहून देणार, चुलतभाऊ लिहून घेणार, गोषवाऱ्यावर दस्ताचा प्रकार हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, असा छापलेला होता, मी फक्त आईच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. आईचा अंगठा मशीन घेत नव्हतं, तर मीच तिचं बोट रुमालाने पुसून दाबून धरलं. हे डोक्यातून जात नाही.

फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस गावच्या पत्त्यावर गेली, ती त्यानेच घेतली, हरकतीचे 15 दिवस गेले, नोंद मंजूर. 'आपली चावडी' या सरकारी वेबसाइटवर गावचे फेरफार घरबसल्या दिसतात हे मला नंतर कळलं, तुम्ही आजच बघा.

आता ऑफिसांचं ऐका. रजिस्ट्रीवाले म्हणतात आम्ही फक्त नोंदणी करतो, आत काय लिहिलंय ते तुम्ही बघायचं. तलाठी म्हणतो दस्त नोंदणीकृत आहे, मी काय करू. मंडळ अधिकारी दोनदा मीटिंगला, तिसऱ्यांदा भेटले तर म्हणाले प्रांताकडे अपील करा. तहसीलला विचारलं आमचा 85 चा अर्ज कुठे आहे, तर असा अर्ज आलेलाच नाही, आणि तो क्लार्क हसला. पोलीस स्टेशनला दोन तास उभं करून "सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा", अर्जाची पोच द्यायलासुद्धा तयार नाहीत. अरे, खोटं सांगून 55,500 घेतले हे पण सिव्हिल का? पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, मी हललो.

आता दस्त रद्द करण्याचा, वाटपाचा आणि मनाई हुकुमाचा असा दावा टाकलाय, वकिलाला आत्तापर्यंत 40,000. दस्त रद्द करायला फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षं असतात, नातेवाईक बैठका घेत बसतील, तुम्ही बसू नका. आणि इंडेक्स 2 ची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सारांशाची, प्रत त्याच संध्याकाळी काढा, मी काढली चार महिन्यांनी, तेही बहिणीने शंभरदा सांगितल्यावर.

वकीलपत्रावर आता आईचाही अंगठा लागला. तिने आधी तो कागद बहिणीकडे दिला, माझ्याकडे नाही. मागच्या तारखेला चुलतभावाला समन्स बजावलं गेलं नाही, बेलिफाचा शेरा "घरी मिळून आला नाही". त्याच दिवशी तो आमच्या तुकड्यात ट्रॅक्टर घालून नांगरत होता, शेजाऱ्याने फोटो पाठवला.