क्लाउडवरील हबकडून होम असिस्टंटकडे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

घरातील दिवे, पंखे, दारांचे सेन्सर आणि काही प्लग अशी 34 उपकरणे मी आठ महिन्यांपूर्वी क्लाउडवर चालणाऱ्या एका हबवरून (सगळी उपकरणे जोडणाऱ्या मध्यवर्ती यंत्रावरून) होम असिस्टंट या घर नियंत्रित करणाऱ्या प्रणालीवर आणली. इंटरनेट बंद पडले की जिन्यातला दिवासुद्धा लागत नसे. सेन्सर आणि दिवा एकाच भिंतीवर असताना त्यांच्यातला निरोप दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत यावा, हे मला पटेनासे झाले होते. होम असिस्टंट हा 2013 साली सुरू झालेला मुक्त स्रोत प्रकल्प घरातल्याच छोट्या संगणकावर चालतो आणि 2024 पासून तो ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे, हेही निर्णय घेताना महत्त्वाचे वाटले.

झिगबी (कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) वापरणारी उपकरणे जुन्या हबमधून काढून, रीसेट करून, एकेक करून नव्याने पेअर करावी लागतात, म्हणजे नव्या प्रणालीशी जोडावी लागतात. मी घाईने बॅटरीवरचे सेन्सर आधी घेतले आणि त्यांतले निम्मे दुसऱ्या दिवशी संपर्काबाहेर गेले. कायम विजेवर असणारे प्लग आणि स्विच इतरांचे संदेश पुढे पोहोचवतात, म्हणून ते आधी, आपापल्या जागी जोडायचे असतात. तरीही लांबच्या खोलीतला संपर्क तुटत राहिला, तेव्हा झिगबीचा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ) यूएसबी 3.0 च्या पोर्टला थेट लावल्याचे लक्षात आले. त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट झिगबी आणि वाय-फाय दोन्ही वापरतात त्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच पडतो. एक मीटरची एक्स्टेन्शन केबल लावली, वाय-फाय चॅनेल 1 वर आणि झिगबी चॅनेल 25 वर नेले, आणि त्यानंतर ही तक्रार आलेली नाही.

खरा वेळ मात्र ऑटोमेशनने, म्हणजे काही घडले की आपोआप चालणाऱ्या नियमांनी घेतला. जुन्या हबमधून ती बाहेर काढण्याची सोयच नव्हती, म्हणून मी प्रत्येक नियम वहीत उतरवून काढला आणि तो कोणासाठी आहे हे शेजारी लिहिले. ज्या नियमांपुढे कोणाचेही नाव लिहिता आले नाही, ते मी आणलेच नाहीत. जिन्यातल्या दिव्याचा नियम सगळ्यांत साधा वाटला होता: हालचाल दिसली की दिवा लावा, दोन मिनिटे थांबा, मग बंद करा. पण माणूस जिन्यात असतानाच दिवा जाऊ लागला. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशनचा मोड मुळात ‘सिंगल’ असतो, म्हणजे ते चालू असताना आलेला नवा ट्रिगर (नियम सुरू करणारी घटना) सोडून दिला जातो. ‘रीस्टार्ट’ मोड निवडल्यावर प्रत्येक नव्या हालचालीसरशी दोन मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ लागली. दुसरा प्रसंग रात्रीचा होता. प्रणाली पुन्हा सुरू झाल्यावर दाराचा सेन्सर ‘अनुपलब्ध’वरून ‘उघडे’ या स्थितीत आला, नियमाने तो बदल दार उघडल्याचा मानला आणि दिवे लागले. ट्रिगरमध्ये ‘बंद’पासून ‘उघडे’पर्यंत अशा दोन्ही स्थिती स्पष्ट लिहिल्या, की हा प्रश्न राहत नाही.

नावांबाबत माझे मत ठाम आहे: एन्टिटीला (होम असिस्टंटमध्ये उपकरणाच्या एकेका कामाची जी नोंद असते तिला) मॉडेलचे नाव न देता जागा आणि काम यांवरून नाव द्यावे, आणि नियम उपकरणावर न बांधता एन्टिटीवर बांधावा. सहाव्या महिन्यात स्वयंपाकघरातला एक सेन्सर निकामी झाला. नव्या सेन्सरला जुन्याच एन्टिटीचे नाव दिले आणि एकाही नियमाला हात लावावा लागला नाही.

आईची अट होती की भिंतीवरचे बटण पूर्वीसारखेच चालले पाहिजे, आणि ती अट योग्यच होती. स्मार्ट बल्बची वीज बटणाने तोडली की तो बल्ब तर जातोच, शिवाय त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सरही अडखळतात. म्हणून बल्ब साधे ठेवून स्विचच्या मागे रिले मॉड्यूल (प्रणालीच्या आज्ञेने दिवा चालू-बंद करणारे छोटे यंत्र) बसवून घेतले. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे.

देखभाल लागते. दर महिन्याला नवी आवृत्ती येते आणि तिच्यातील बदलांची टिपणे वाचल्याशिवाय मी ती घेत नाही. तपशीलवार इतिहास मुळात दहाच दिवस साठतो. सतत लिहिले जाणारे एसडी कार्ड झिजते, म्हणून पहिल्याच महिन्यात एसएसडी घेतली. बॅकअप रोज दुसऱ्या संगणकावर जातो आणि त्यावरून प्रणाली पुन्हा उभी राहते, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहिले आहे.

दोन उपकरणे अजून जुन्या हबवरच आहेत, कारण ती केवळ क्लाउडमार्फत चालतात. ती बिघडतील तेव्हा त्यांच्या जागी घरातल्या नेटवर्कवर चालणारी घेईन.