काटो युनिट्रॅक: दोन बाय चारच्या फळीवर

एन स्केलच्या (१:१६० मापाच्या) छोट्या आगगाडीचा पहिला लेआउट, म्हणजे फळीवरचा रुळांचा मांड, बांधायचा असेल, जागा कपाटाच्या फळीएवढी असेल आणि सोल्डरिंगचा सराव नसेल, तर जपानच्या काटो कंपनीचा युनिट्रॅक, म्हणजे खडीसकट तयार तुकड्यांचा रूळ, डोळे झाकून घ्यावा. मात्र गोल मार्गाचा तयार सुरुवातीचा संच घेण्याआधी टेप घेऊन बसा. त्या संचातली वळणं साधारणपणे ३१५ मिमी त्रिज्येची असतात. ही त्रिज्या रुळांच्या मध्यरेषेपर्यंत मोजलेली असते आणि खडीसकट रुळाची रुंदी २५ मिमी. म्हणजे पूर्ण गोलाला ३१५ दुणे ६३० अधिक २५, असे ६५५ मिमी लागतात. आपल्याकडे आठ बाय चार फुटांच्या प्लायमधून सुतार दोन बाय चारचा तुकडा कापून देतो, त्याची रुंदी ६१० मिमी. संच फळीबाहेर जातो. २८२ मिमीचं वळण घेतलं तर ५८९ मिमी लागतात. बसतं, पण दोन्ही कडांना जेमतेम सेंटिमीटरभर जागा उरते आणि घसरलेलं इंजिन थेट जमिनीवर जातं. २४९ मिमीचं वळण ५२३ मिमीत मावतं आणि दोन्ही बाजूंना चार सेंटिमीटरहून थोडी जास्त जागा राहते. दोन बाय चारसाठी हेच घ्यावं.

सुटे तुकडे घेऊन नेमका जुळणारा आराखडा असा: ४५ अंशांची २४९ मिमी वळणं ८. मागच्या बाजूला २४८ मिमीचे दोन सरळ तुकडे आणि ६२ मिमीचा वायर जोडलेला फीडर, म्हणजे रुळांना वीज देणारा तुकडा. पुढच्या बाजूला ६ नंबरचा सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा (१८६ मिमी), मग २४८, मग १२४. दोन्ही बाजूंची बेरीज ५५८ येते, त्यामुळे गोल कुठेही न ताणता बंद होतो. साइडिंगसाठी, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळासाठी, ७१८ मिमी त्रिज्येचं १५ अंशांचं एक वळण, एक १२४ मिमीचा सरळ तुकडा आणि शेवटी गाडी अडवणारा बफर. साइडिंग मुख्य मार्गापासून ४९.५ मिमीवर समांतर येते. फळीसमोर उभं राहून सांध्याचं एकेरी टोक, जिथून दोन वाटा फुटतात, डाव्या हाताला येणार असेल तर डावा सांधा मागवा, म्हणजे साइडिंग गोलाच्या आत येईल. ही एक चूक फार जण करतात आणि सांधा हा या यादीतला सगळ्यांत महाग तुकडा आहे.

युनिट्रॅकची खरी किंमत त्याच्या जोडात आहे. रूळ निकेल सिल्व्हरचे आणि खाली साच्यातली प्लास्टिकची खडी. टोकाला खटक्याचा बारीक जोड असतो. तो धातूच्या पट्टीने वीज नेतो आणि प्लास्टिकच्या खटक्याने तुकडे घट्ट धरतो. वरच्या गोलात असे १४ जोड आहेत. साध्या फ्लेक्सी रुळात (हवा तसा वाकवता येणाऱ्या) हेच काम तुम्हाला सोल्डरचा डाग देऊन करावं लागतं, आणि नवख्या हाताचा एखादा डाग कच्चा राहतोच. इथे चूक एकाच प्रकारे होते: रुळाचं टोक पट्टीच्या आत न जाता तिच्यावर चढतं. दिसायला जोड बंद दिसतो, पण नख फिरवलं की पायरी लागते. प्रत्येक जोडावर नख फिरवा. जिथे अडेल तिथे गाडी आज ना उद्या उडणार. काढताना तुकडे सरळ रेषेत ओढा. वर उचलून वाकवले की खटका मोडतो. जोड सुटे मिळतात, पहिल्याच खरेदीत एक पाकीट घेऊन ठेवा.

सांध्यांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे पैसे चुकीच्या जागी जातात. ४ नंबरचा सांधा लहान आहे, १२६ मिमीचा, म्हणून छोट्या फळीवर तोच बरा वाटतो. पण त्याची जीभ, म्हणजे सरकणारा निमुळता रूळ, बाजूच्या रुळाला टेकते तेव्हा तिचं टोक रुळाच्या पोटात पुरेसं लपत नाही. चाकाचा कंगोरा त्या टोकावर आदळतो, हलका डबा पुढे असेल तर चढतो आणि उतरतो भलत्याच रुळावर. उपाय आहे: जीभ टेकते त्या ठिकाणी बाजूच्या रुळाच्या आतल्या अंगाला बारीक कानशीने अगदी पुसटशी खाच द्यायची आणि जिभेचं टोक हलकेच घासून धारदार करायचं. नव्या माणसाने नवाकोरा सांधा कानशीखाली धरावा असं काही आम्ही सांगणार नाही. ६ नंबरच्या सांध्यात ही कटकट फार कमी. शिवाय तो ज्या बाजूला वळवला असेल त्याच बाजूला वीज देतो. साध्या डीसी कंट्रोलवर, जिथे रुळात वीज आली की त्यावरचं प्रत्येक इंजिन चालू लागतं, याचा मोठा फायदा: साइडिंगमध्ये एक इंजिन उभं करा, सांधा मुख्य मार्गाकडे फिरवा, ते इंजिन मेलेलं राहतं आणि दुसरं फिरत राहतं. वेगळी वायर नाही, वेगळा स्विच नाही. फक्त सांधा साइडिंगकडे असताना मुख्य मार्गावरून उलट बाजूने गाडी आत येऊ देऊ नका. ती जीभ ढकलत येते, आणि मग शॉर्ट होतो किंवा घसरते.

सांध्याची मोटर खडीच्या आतच बसवलेली आहे, खाली भोक पाडावं लागत नाही. ती क्षणभराच्या झटक्यावर चालते. काटोचा निळा स्विच हा झटका बरोबर देतो. पैसे वाचवायला साधं बटण लावलं आणि ते दाबून धरलं, तर कॉइल जळते.

आता वीज. जपानहून आलेल्या पॉवर पॅकचा (रुळांना वीज देणाऱ्या, वेगाचा नॉब असलेल्या डब्याचा) अडॅप्टर १०० व्होल्टचा, अमेरिकेहून आलेला १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावू नका. अडॅप्टरवरचं लेबल वाचा आणि योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. नातेवाईक परदेशातून संच आणतात तेव्हा नेमकं हेच सांगायचं राहून जातं. मध्यरेषेवर मोजलं तर गोल सुमारे २.७ मीटरचा आहे. इतक्याला एक फीडर पुरतो. तरी पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, जोडांवर ऑक्साइड धरतो आणि फीडरपासून लांबच्या वळणावर इंजिन मंदावतं. वायर लावलेले जोड वेगळे मिळतात, त्यांतला एक समोरच्या बाजूला घालून त्याच दोन वायरींना जोडला की प्रश्न मिटतो. निळी वायर निळ्याला आणि पांढरी पांढऱ्याला जोडली आहे ना, एवढं बघा.

कमी पडतं ते दिसण्यात. रुळाची उंची ०.०८० इंच, म्हणजे २ मिमीच्या आसपास. १६० ने गुणलं तर खरा रूळ ३२५ मिमी उंच निघतो. भारतीय रेल्वेचा ६० किलोचा रूळ १७२ मिमीचा असतो. म्हणजे जवळजवळ दुप्पट. बारीक रुळाचा फ्लेक्सी ट्रॅक शेजारी ठेवला तर फरक लगेच कळतो. रंगाने तो बराच झाकता येतो. रुळांच्या बाजूंना गंजाचा मॅट तपकिरी रंग द्या, खडीवर पातळ केलेला काळपट तपकिरी ॲक्रिलिक सोडा आणि वाळण्याआधी रुळाचा माथा पुसून घ्या. मग कडेच्या उतारावर खरी बारीक खडी पसरा आणि फेविकॉल व पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, असं ड्रॉपरने सोडा. सांध्यापासून दोन सेंटिमीटर आधीच थांबा. गोंद मोटरमध्ये उतरला की सांधा गेला. खाली थर्माकोल असेल तर सॉल्व्हंटवाला रबरी गोंद वापरू नका, तो थर्माकोल खातो.

फळीसाठी ९ मिमी प्लाय आणि खाली लाकडी पट्ट्यांची चौकट पुरे. प्राइमर दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना मारा. वरूनच मारला तर खालून ओल शिरते, फळी ताटासारखी वाकते आणि इतके चांगले जोडही उघडे पडतात.

ब्रॉडगेज हुबेहूब हवी असेल तर हा रूळ ती देत नाही: १६७६ मिमी भागिले १६० म्हणजे १०.५ मिमी, आणि हा ९ मिमीचा. पण हाच रूळ १:८७ च्या गाड्यांखाली ठेवा. ७६२ मिमीच्या नॅरोगेजला १:८७ मध्ये ८.८ मिमी लागतात. बार्शी लाइट रेल्वे ७६२ ची होती, मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला पूर्वी जाणारी शकुंतला रेल्वेही ७६२ चीच. लहान फळीला याहून शोभणारा विषय सापडणं कठीण: छोटं इंजिन, चार डबे, एक फलाट, एक लिंबाचं झाड. या गाड्या लहान असल्याने २४९ चं वळणही त्यांना खुपत नाही. एन स्केलचे स्लीपर मात्र १:८७ ला फार बारीक आणि दाट दिसतात. म्हणून ते चाळलेल्या कोरड्या मातीत वरपर्यंत बुजवून टाका. माथेरानची गाडी करायची असेल तर हा रूळ चालणार नाही. ती ६१० मिमीची आहे, तिला ७ मिमीचा रूळ लागतो.

कोथरूडचं जोशी लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्याला फळीवर बोगदा, पूल, यार्ड सगळंच हवं असतं. दोन बाय चारवर एक सांधा आणि एक साइडिंग एवढंच ठेवा, आणि मागची सरळ बाजू टेकडीआड किंवा उभ्या पुठ्ठ्याआड लपवा. गाडी काही सेकंद दिसेनाशी झाली की ती कुठून तरी आली असं वाटतं. वेगाचं मापही लक्षात ठेवा: १:१६० मध्ये ताशी ४० किमी म्हणजे या गोलाला एक फेरी सुमारे ३९ सेकंदांत. पहिल्या दिवशी बहुतेकांची गाडी पंधरा सेकंदांत फेरी मारते, म्हणजे ताशी शंभराच्या वर. नॉब निम्म्याच्या खाली आणा. त्या वेगाला इंजिन अडखळत असेल तर दोष बहुतेक वेळा मळाचा असतो. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रुळाचा माथा पुसा, मग इंजिनाची चाकं. सँडपेपर लावू नका. त्याच्या ओरखड्यांत मळ पुन्हा लवकर बसतो.