बीएनआय की रोटरी?
इंटिरिअरचा व्यवसाय नुकताच थाटलेल्या भाचीने बीएनआय (एकमेकांना ग्राहक मिळवून देणाऱ्या व्यावसायिकांची संस्था) आणि रोटरी (समाजसेवा करणारा क्लब) यांपैकी कशाचे सदस्य व्हावे, असे विचारले. बीएनआयची बैठक दर आठवड्याला, बहुधा भल्या सकाळी असते आणि सहा महिन्यांत तीनच गैरहजेऱ्या चालतात. मात्र एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सदस्य असल्याने तिला आतल्या आत स्पर्धक नसतो. १९०५ मध्ये शिकागोत जन्मलेल्या रोटरीत महिन्याला दोन बैठकाही पुरतात, पण तेथे सेवाप्रकल्प आधी. कामे मिळालीच तर ओळखीतून, सावकाश. शुल्क दोन्हीकडे आहे. बीएनआयमध्ये त्याहून महाग पडतो तो वेळ, कारण इतरांसाठी ग्राहक शोधणेही अपेक्षित असते. लवकर कामे हवी असतील, तर बीएनआय. धंदा स्थिरावल्यावर गावाशी नाते जोडायचे असेल, तर रोटरी.