करपलेल्या भांड्यांसाठी खाण्याचा सोडा: गुण आणि मर्यादा

किराणा दुकानात छोट्या पुडीत मिळणारा खाण्याचा सोडा बहुतेक घरांत ढोकळ्यासाठी, भज्यांसाठी किंवा काबुली चणे लवकर शिजावेत म्हणून आणलेला असतो. परंतु दूध किंवा खीर बुडाला लागून काळ्या पडलेल्या स्टीलच्या पातेल्यासाठी घरातील सर्व वस्तूंमध्ये सर्वांत भरवशाची वस्तू मला हीच वाटते. त्यासाठी तो कोरडा भुरभुरवून घासण्यापेक्षा पाण्यात उकळून वापरला पाहिजे.

याचे कारण त्याच्या रसायनात आहे. थंड पाण्यात हा सोडा अगदी सौम्य अल्कधर्मी असतो. पाणी तापून उकळू लागले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोड्याच्या काही भागाचे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, तयार होते, जे कितीतरी अधिक तीव्र असते. दुधातील करपलेली प्रथिने आणि चिकटलेली स्निग्धता या गरम द्रावणात मऊ पडून फुगतात व धातूवरची पकड सोडतात. पूर्वी चुलीची राख भांडी घासण्यास वापरत, त्यामागेही हाच गुण होता, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. गॅस आल्यावर राख गेली, पण तिचे काम सोड्याकडून सहज करून घेता येते.

पातेल्यातील सुटी खरवड आधी काढून टाकावी, डाग पूर्ण बुडेल इतके थंड पाणी ओतावे आणि लिटरभर पाण्याला साधारण दोन मोठे चमचे सोडा या प्रमाणात तो थंड पाण्यातच ढवळावा, कारण उकळत्या पाण्यात एकदम टाकल्यास तो फसफसून उतू जातो. मंद आचेवर 10 ते 15 मिनिटे उकळून, झाकण ठेवून, पाणी पूर्ण निवेपर्यंत भांडे तसेच राहू द्यावे. त्यानंतर लाकडी कालथ्याने थर बऱ्याचदा पापुद्र्यासारखा सुटतो. डाग फारच जुना असेल, तर हीच कृती पुन्हा करणे तारेच्या घासणीपेक्षा कधीही चांगले. तारेने स्टीलवर पडलेले चरे कायमचे राहतात आणि पुढच्या वेळी अन्न तिथेच धरून बसते.

सगळ्याच डागांना सोडा लागत नाही. बुडाला लागलेला भात रात्रभर पाण्यात भिजवला तरी पुरते, आणि कोळसा न झालेला साखरेचा पाक नुसत्या उकळत्या पाण्यात विरघळतो. कढईच्या बाहेरून तेल तापून-तापून बसलेला तपकिरी, चिवट थर मात्र सोड्यालाही दाद देत नाही. ओल्या सोड्याचा लेप काही तास ठेवून घासल्यास तो थोडा पातळ होतो, पूर्ण जात नाही. या कामासाठी सोड्याला निम्मेच गुण द्यावे लागतील.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला सध्या फार ऐकू येतो, आणि तो मला मुळीच पटत नाही. एक अल्कधर्मी, दुसरे आम्ल. एकत्र आल्यावर दोन्ही एकमेकांचा जोर संपवतात आणि उरते ते मुख्यतः सोडियम ॲसिटेटचे पाणी. फेस भरपूर येतो, म्हणून काम होत असल्यासारखे वाटते. व्हिनेगर, लिंबू किंवा चिंच यांचा खरा उपयोग वेगळ्या डागांवर आहे: बोअरच्या जड पाण्याने बसलेले पांढरे थर आणि तापून स्टीलवर उमटलेल्या निळसर छटा यांवर आम्लच चालते.

सर्वांत मोठी मर्यादा ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कुकरमध्ये सोडा उकळू नये, कारण तीव्र अल्कधर्मी द्रावण धातूवरील संरक्षक ऑक्साइडचा थर खाते आणि भांडे निस्तेज, काळपट होते. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांनाही हेच लागू आहे. अशा भांड्यात गरम पाणी व भांड्यांचा साबण घालून भिजवावे, आणि आतला काळपटपणा घालवण्यासाठी लिंबाच्या साली टाकून पाणी उकळावे.

लोखंडी तव्यावर सोडा उकळला तर तेलाने मुरलेला थरच निघतो. त्याला जाड मीठ आणि कापड पुरेसे आहे, आणि धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवावा. कल्हई केलेल्या पितळी पातेल्याला मात्र ना सोडा, ना खरवडणे: कल्हई म्हणजे मऊ कथिलाचा पातळ थर, तो डागाबरोबरच जातो. कोमट पाण्यात बराच वेळ भिजवून मऊ काथ्याने जेवढे निघेल तेवढेच काढावे, आणि खाली पितळ दिसू लागले असल्यास ते भांडे पुन्हा कल्हई होईपर्यंत स्वयंपाकाला घेऊ नये.