'उघडू नका' म्हणाला, आणि मी ऐकलं

जुन्या गेमबॉयच्या, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या, कॅसेट विकत घेत असाल, त्यातून घरातल्या लहान मुलासाठी घेत असाल, तर हे पूर्ण वाचा. माझे पैसे गेले ते गेले. पण माझ्या भाच्याचा चेहरा पडलेला मी पाहिलाय, आणि तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

भाचा ११ वर्षांचा, नाशिकला असतो. दिवाळीत पुण्याला आला तेव्हा माळ्यावरच्या खोक्यात त्याला माझा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स सापडला. २००६ साली ऑनसाइटहून, म्हणजे परदेशातल्या कामावरून, परतताना आणलेला. दोन पेन्सिल सेल घातले आणि तो चक्क सुरू झाला. कॅसेट मात्र एकच उरली होती, गाड्यांच्या शर्यतीची. "मामा, यावर पोकेमॉन एमराल्ड खेळता येतो ना?" त्याने सगळी माहिती आधीच काढून ठेवली होती. हा गेम अमेरिकेत २००५ साली आला. म्हणजे आता मिळणार तो जुन्यातच.

खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर एक विक्रेता भेटला. त्याने व्हिडिओ पाठवला. हिरवी अर्धपारदर्शक कॅसेट, खालच्या पिना सोन्यासारख्या लखलखीत, गेम सुरू होतोय, सगळं व्यवस्थित. किंमत २,२०० रुपये. मी सहज म्हणालो की आल्यावर साफ करून मगच लावतो. त्यावर लगेच फोन आला. "दादा, साफ करून, टेस्ट करूनच पाठवतोय. आतला सेलही नवीन टाकलाय. तुम्ही काही लावू नका, उघडू तर अजिबात नका. उघडली की गॅरंटी संपली."

इतक्या आपुलकीने बोलला की मला वाटलं, तो काळजीपोटीच सांगतोय. तीच तर खरी मेख होती.

भाच्याने सुरुवातीचा पोकेमॉन, म्हणजे गेममधला प्राणी, म्हणून मडकिप निवडला आणि रमला. एका वहीत पानं आखून प्रत्येक पोकेमॉनचं नाव, लेव्हल, कुठे पकडला ते लिहायचा. रोज अभ्यास झाल्यावर अर्धा-पाऊण तास, असे दोन महिने. जानेवारीत एका संध्याकाळी बहिणीचा फोन आला, मागे त्याचं रडणं ऐकू येत होतं. गेम सुरू केला तर 'कंटिन्यू' ही ओळच नाही, थेट 'न्यू गेम'. सेव्ह, म्हणजे तोवरचा साठवलेला खेळ, उडाला होता.

विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर तयारच होतं. सेल संपला असेल, पाठवून द्या, बदलून देतो, ४०० रुपये आणि कुरिअरचा खर्च तुमचा. मी तेही दिले. कॅसेट परत आली, भाच्याने नव्या पानावर पुन्हा मडकिपपासून सुरुवात केली. तीन आठवड्यांनी दप्तरातून गेमबॉय खाली पडला. एवढ्याने सेव्ह पुन्हा गेला.

मग मात्र मी नाशिकला गेलो आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल नेलं होतं, ९९ टक्क्यांचं. आधी माझ्या शर्यतीच्या कॅसेटच्या पिनांवरून ओलसर इअरबड फिरवला. पिना ज्या दिशेने असतात त्याच दिशेने, हलक्या हाताने. काडी काळीकुट्ट निघाली. जवळपास वीस वर्षांची धूळ आणि पिनांवर साचलेली काजळी. मग एमराल्ड घेतली. एकदा फिरवला, दोनदा फिरवला, काडी पांढरी ती पांढरीच. साफ करून पाठवली होती, मान्य. पण इतक्या वर्षांत शेकडो वेळा आत-बाहेर झालेल्या पिनांवर घासल्याची एक रेघ नको?

मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो, त्याचा स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम आणला होता. उघडलं. ओरिजिनल कॅसेटच्या बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं, आणि चौकोनी काळ्या चिप्स नीट बसवलेल्या असतात. इथे नावाचा पत्ता नव्हता. चिपच्या जागी डांबराचा थेंब सांडावा तसा काळा गोळा. आणि बटण सेल डाग न देता पिवळ्या चिकटपट्टीने नुसता दाबून बसवलेला. बोट लावलं तर हलत होता.

आता दोन्ही वेळच्या नुकसानीचा उलगडा झाला. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच फसतात. ओरिजिनल एमराल्डमधला सेल फक्त घड्याळासाठी असतो. सेव्ह फ्लॅश मेमरीत, म्हणजे पेन ड्राइव्हसारख्या चिपमध्ये, राहतो, त्याला सेल लागतच नाही. सेल संपला की गेम सुरू होताना आतली बॅटरी संपल्याचा मेसेज येतो, वेळेवर चालणाऱ्या गोष्टी थांबतात, पण सेव्ह जागच्या जागी असतो. माझ्या डुप्लिकेट कॅसेटमध्ये मात्र सेव्हच त्या सेलवर जगत होता. सेल हलला की सगळं पुसलं. म्हणजे 'सेल संपला म्हणून सेव्ह गेला' हे वाक्य एमराल्डच्या बाबतीत त्याच्या तोंडून आलं तेव्हाच त्याची चोरी उघडी पडली होती. मला माहीत नव्हतं, म्हणून मी वर ४०० रुपये दिले. पोकेमॉन रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर या आधीच्या कॅसेटमध्ये सेव्ह खरोखर सेलवरच असतो. याच गोंधळाचा फायदा हे लोक घेतात.

साफ करायचं म्हणजे कॅसेट हातात घेऊन, उजेडात धरून, पिनांकडे निरखून बघावं लागतं. हेच त्याला नको होतं. स्क्रू न उघडताही पिनांच्या वरच्या फटीत टॉर्च मारला तर बोर्डावरचं नाव दिसतं. लेबल तिरकं धरलं तर ओरिजिनलवर दोन आकडी नंबर दाबून उमटवलेला दिसतो. माझ्या कॅसेटवर तोही नव्हता. हे सगळं मी पाच मिनिटांत बघू शकलो असतो.

लहानपणी सांगलीला टीव्हीला लावायच्या व्हिडिओ गेमची कॅसेट अडकली की आम्ही फुंकर मारायचो. तुमच्याही हाताला ती सवय असेल, तर मोडा. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि हळूहळू त्या गंजतात. कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे, काढून पुन्हा बसवल्याने. सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि चिकट घटक असतात. पितळ घासायची पावडर किंवा पॉलिश पेपर तर मुळीच नको, पिनांवरचा सोन्याचा पातळ थर निघून जातो. आणि अल्कोहोल लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत कॅसेट आत घालू नका.

विक्रेत्याला उघडलेल्या बोर्डाचा फोटो पाठवला. "उघडली ना, आता जबाबदारी आमची नाही," एवढंच लिहून त्याने ब्लॉक केलं. मी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्हिडिओ, फोनचा तपशील, दोन्ही यूपीआय व्यवहारांचे नंबर जपून ठेवले होते म्हणून ती नोंदवता तरी आली. मेसेज रागाने पुसून टाकू नका. पैसे अजून मिळालेले नाहीत.

नंतर तीन विक्रेत्यांना मी एकच गोष्ट मागितली, उघडलेल्या बोर्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो. दोघांनी पुढे उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने दहा मिनिटांत पाठवला, आणि न विचारता खाली लिहिलं, "आतला सेल मेलेला आहे, घड्याळ चालणार नाही, सेव्ह राहील." कॅसेट गुरुवारी येणार आहे. भाच्याने इअरबडचं पाकीट वहीशेजारी ठेवलंय. या वेळी आधी तोच साफ करणार आहे.